फुगलेली बॅटरी आणि संपलेला विमा

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आहे. वय ३४, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात पगार २८ हजार, घरी पत्नी आणि लहान मुलगी. गेल्या महिन्यात त्यांची १२५ सीसीची गाडी घसरून पडली. बॅटरीला चीर गेली आणि एक बाजू फुगली. मेकॅनिकनं एम-सील लावून दिलं, सेल्फ लागतोय. नवी बॅटरी १,८०० रुपयांना आहे. ते विचारतात, 'हीच वर्षभर वापरू का? पुढच्या वर्षी मनीबॅक पॉलिसीचे (ठरावीक वर्षांनी काही पैसे परत देणारा विमा) एक लाख येतील, तेव्हा बदलतो. की विम्यातून मिळेल? सप्टेंबर २०१९ ला गाडी घेतानाच पाच वर्षांचा विमा काढलाय.'

बॅटरी वापरू नका. आत गंधकाम्ल आहे, आणि चार्ज होताना हायड्रोजन तयार होतो. चिरेतून दोन्ही बाहेर येऊ शकतात, तेही सीटखाली, वायरिंगच्या शेजारी. एम-सीलनं चीर झाकली, बॅटरी दुरुस्त झाली नाही. शिवाय पडल्यानं चीर जाते, फुगवटा बहुधा जास्त चार्जिंगमुळे येतो. म्हणून इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचं व्होल्टेज मोजून घ्या. साडेतेरा ते साडेचौदा असेल तर ठीक. पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग आवरणारा भाग) बदला, नाहीतर नवीही फुगेल. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या, शे-दोनशे सुटतील.

आता विम्याचं. पाच वर्षांचा होता तो फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीचा कागद काढून तारखा बघा. नंतर नूतनीकरण केल्याचं पत्रात कुठेच नाही, म्हणजे तो भाग २०२० मध्ये संपला आणि थर्ड पार्टी सप्टेंबर २०२४ मध्ये. तुम्ही रोज बिनविम्याची गाडी चालवताय. याच्यासमोर बॅटरीचा प्रश्न काहीच नाही.

दंड पहिल्यांदा २ हजार, पुन्हा सापडलात तर ४ हजार. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण मला काळजी दंडाची नाही. तुमच्या गाडीखाली तुमच्याच वयाचा, महिना २० हजार कमावणारा माणूस गेला तर काय, ते बघा. अशा दाव्यांत भरपाई ठरवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं घालून दिली आहे. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के, त्यातून त्या माणसाच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा, गुणिले १६ (हा आकडा त्याच्या वयावरून ठरतो). जवळपास ३६ लाख. चूक तुमची ठरली आणि विमा नसला, तर हे पैसे तुमच्याकडून वसूल होतात, पगारातून आणि घरातूनही. तुमच्या गाडीच्या वर्गाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे, करासह साडेआठशेच्या आत. सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घ्या, तो काही शे रुपयांत मिळतो. पॉलिसी हातात येईपर्यंत बसनं जा. आणि गेल्या महिन्यातलं नुकसान नव्या पॉलिसीत दाखवू नका, तो सरळ खोटा दावा होईल.

आता त्या एक लाखाकडे येतो. मामेभावानं दिलेल्या मनीबॅकचा हप्ता वर्षाला ३६ हजार, विमा ५ लाखांचा, असं तुम्ही लिहिलंय. पाच वर्षांत तुम्ही भरणार १ लाख ८० हजार आणि मिळणार एक लाख. ही कमाई नव्हे, तुमचेच पैसे परत येतायत, तेही अर्ध्याहून थोडे जास्त. आणि तुम्हाला काही झालं तर घरच्यांना पाच लाख, म्हणजे दीड वर्षाचा पगार. मुलगी लहान असलेल्या माणसाला ही पॉलिसी विकणाऱ्याचा मला राग येतो, नात्यातला असला तरी. निर्व्यसनी, निरोगी असाल तर ५० लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) वर्षाला साधारण आठ-दहा हजारांत मिळायला हवा.

मनीबॅक लगेच बंद करू नका. आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या. तोवर कंपनीकडून लेखी मागवा: आज सोडली तर किती मिळतील, आणि पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर शेवटी किती. पुढचा हप्ता भरायच्या आधी हे दोन आकडे मला कळवा, ठेवायची की सोडायची ते त्यावरून सांगेन.