‘हम लोग’मध्ये नेमके कोणते लोक होते?

प्रश्न : ‘हम लोग’ लागली की आमची अर्धी चाळ एकाच घरात जमायची. आजच्या मालिकांतला झगमगाट पाहिला की वाटते, खरा भारत छोट्या पडद्यावर तेव्हाच दिसला. हे कितपत बरोबर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका मुळात सरकारी हेतूने जन्मली. माहिती व नभोवाणी मंत्री असताना आपले वसंत साठे यांनी मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांचा प्रयोग पाहिला आणि तोच मार्ग येथे कुटुंबनियोजनासाठी वापरायचे ठरले. सुरुवातीच्या भागांतील उपदेशाला प्रेक्षक कंटाळले, तेव्हा मनोहर श्याम जोशी यांच्या लेखनातून तो आवरता घेतला गेला आणि घरातली भांडणे, बेकारी, मुलींच्या लग्नाची काळजी पुढे आली. मालिका खरी वाटू लागली ती तेव्हापासून.

मात्र दारुडा बसेसर राम, बेकार लल्लू, चित्रपटाच्या नादी लागलेली मझली आणि डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी यांचे हे घर उत्तर भारतीय, हिंदी भाषिक, निम्न मध्यमवर्गीय होते. भागाच्या शेवटी अशोक कुमार ‘हम लोग’ हे शब्द निरनिराळ्या भारतीय भाषांत उच्चारत, पण कथेच्या केंद्रस्थानी तमिळ घर किंवा भूमिहीन शेतमजुराचे कुटुंब नव्हते. देशाचा अनुभव म्हणून एका प्रदेशाचा, एका वर्गाचा अनुभव सर्वांपुढे ठेवला गेला. बहुतेक घरांत दुसरी वाहिनीच नसल्यामुळे तो सर्वांचा झाला, हेही मान्य करावे लागते.

प्रेक्षकांनी तो कसा घेतला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सारे मुकाट सोसणारी बसेसर रामची पत्नी भागवंती ही ‘असे राहू नये’ हे दाखवण्यासाठी रचलेली होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्या, तीच आदर्श गृहिणी वाटली. लेखकाच्या हेतूपेक्षा ही दाद तेव्हाच्या समाजाबद्दल बरेच जास्त सांगून जाते.

राहिला झगमगाट. तुम्हाला खटकणारा बाजारही याच मालिकेबरोबर घरात आला, कारण तिचे प्रायोजकत्व ‘मॅगी’ नूडल्सकडे होते आणि मालिका गाजताच इतर जाहिरातदारही दूरदर्शनकडे वळले.