किडनीच्या आजारात मेंदूवर काम करणारी गोळी कशासाठी देतात?

तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला मथितार्थ असा: तुमचे वडील सातपूरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात, त्यांचे क्रिएटिनिन (किडनीचे काम कितपत चालू आहे हे दाखवणारी रक्तचाचणी) २.१ आहे, तीन गोळ्या चालू असूनही रक्तदाब १६०/१०० च्या खाली येत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी अर्कामिन, म्हणजे क्लोनिडिन, सुरू केली. ही गोळी डोक्यावर काम करते असे मेडिकलवाल्याने सांगितल्यापासून घरात काळजी आहे, आणि टेन्शन घेणे सोडले की ती लागणारच नाही, असे तुमच्या मामांचे मत आहे. मी नाशिकमध्येच अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे. वडिलांचे उपचार ठरवण्याचा अधिकार त्यांच्या डॉक्टरांचा आहे, परंतु त्या गोळीमागचे शास्त्र मी सांगू शकतो.

रक्तदाबाचा क्षणोक्षणीचा कारभार मेंदूच्या देठातून, लंबमज्जेतून चालतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब वाढला की ती लंबमज्जेला कळवतात आणि तेथून हृदयाचा वेग कमी करण्याचे व रक्तवाहिन्या सैल सोडण्याचे आदेश निघतात. पावसाळ्यात पाणी नाशिकच्या घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून आपण गोदावरीच्या पुराचा अंदाज बांधतो, तसेच हे मोजमाप आहे. अडचण अशी की रक्तदाब महिनोन्महिने चढलेला राहिला तर ही टोके त्या चढ्या पातळीलाच नेहमीची पातळी समजू लागतात. मारुतीची मूर्तीच दरवर्षी वीतभर उंच बसवत गेलो तर पाणी घाट ओलांडून दुकानांत शिरले तरी मूर्तीच्या गुडघ्यालाच लागलेले दिसेल आणि कोणीही सावध होणार नाही. म्हणूनच जुना रक्तदाब आपणहून उतरत नाही आणि रुग्णाला बहुधा काही जाणवतही नाही.

आता किडनीकडे येऊ. मूत्रपिंडाच्या धमनीभोवती सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला ताणाच्या प्रसंगासाठी सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंचे जाळे असते. त्यांतून संदेश वाढले की मूत्रपिंडातून रेनिन स्रवते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतात; शिवाय मूत्रनलिका मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि संदेश फारच तीव्र असतील तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही घटतो. हे ज्ञान आजचे नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५९ साली दाखवले होते की मूत्रपिंडाकडे जाणारा एका बाजूचा मज्जातंतू कापला की त्या बाजूची लघवी वाढते.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र उलट दिशेच्या वाहतुकीत आहे, आणि पाठ्यपुस्तके तिच्यावरून फार घाईने पुढे जातात असे मला नेहमी वाटत आले आहे. त्याच जाळ्यात किडनीकडून मेंदूकडे जाणारे तंतूही असतात. किडनीला इजा झाली, तिचा रक्तपुरवठा कमी पडला, की हे तंतू सतत तक्रार करत राहतात आणि मेंदू सर्व शरीरातला सिम्पथेटिक जोर वाढवतो. १९९२ साली डॅलसच्या संशोधकांनी डायलिसिसवरील रुग्णांच्या मज्जातंतूंत बारीक सुई घालून विद्युतसंदेश थेट मोजले. ज्यांच्या निकामी किडन्या अजून शरीरात होत्या त्यांच्यात हे संदेश निरोगी माणसांच्या सुमारे अडीचपट होते. ज्यांच्या दोन्ही किडन्या काढून टाकल्या होत्या त्यांच्यात ते जवळजवळ निरोगी माणसांइतकेच होते. डायलिसिस दोन्ही गटांचे चालू होते, म्हणजे केवळ रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांवर याचे खापर फोडता येत नाही.

हा निष्कर्ष मामांना अवश्य सांगा. वडिलांच्या बाबतीत मेंदूचा सहभाग आहे याचा अर्थ ते फार काळजी करतात असा होत नाही. अत्यंत शांत स्वभावाच्या माणसाची किडनी बिघडली तरी त्याची सिम्पथेटिक यंत्रणा रात्रंदिवस ताणलेली राहू शकते. मानसिक ताणाने रक्तदाब चढतो हे खरे आहे, पण आजारी माणसाला त्याच्या आजाराबद्दल स्वभावाचा दोष लावण्याची आपल्याकडची सवय मला अन्यायाची वाटते.

या सततच्या ताणाची किंमत हृदय मोजते: डाव्या जवनिकेची (हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्याची) भिंत जाड होते आणि ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. मी विद्यार्थी असताना, अशक्त झालेल्या हृदयाला बीटा ब्लॉकर, म्हणजे सिम्पथेटिक संदेशांचा हृदयावरील परिणाम रोखणारे औषध, देणे ही घोडचूक मानली जात असे. कमकुवत घोड्याला चाबूकच हवा, असा त्यामागचा समज होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी, बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांनी मृत्यूचे प्रमाण घटते असे दाखवून तो समज मोडीत काढला.

मज्जासंस्थेच्या वाटेने रक्तदाब उतरवण्याच्या कल्पनेत तर आपल्याकडच्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावरील अनुभव प्रसिद्ध केला आणि तिच्याकडे जगाचे लक्ष गेले. तिच्यातील रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रिनॅलिन या सिम्पथेटिक संदेशवाहक द्रव्याचा साठा रिकामा करते. औदासीन्यासारख्या दुष्परिणामांच्या भीतीने ते औषध मागे पडले. घरी सर्पगंधेचा प्रयोग करू नका. अलीकडे मूत्रपिंडाच्या धमनीत नळी घालून भोवतालचे तंतू उष्णतेने निकामी करण्याचा उपचार आला आहे. खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या २०१४ च्या चाचणीत तो अपयशी ठरला, सुधारित साधनांच्या नंतरच्या चाचण्यांत मात्र माफक पण खरा फरक दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. किडनीचे काम बरेच घटलेले रुग्ण मात्र त्या चाचण्यांतून बहुतांशी वगळले होते, त्यामुळे वडिलांसाठी लगेच त्याच्या मागे लागू नका.

क्लोनिडिन लंबमज्जेतून निघणारे सिम्पथेटिक आदेश कमी करते, म्हणजे वर सांगितलेल्या साखळीच्या नेमक्या मधल्या कडीवर ती हात ठेवते. तोंडाला कोरड पडणे आणि गुंगी येणे हे तिचे नेहमीचे त्रास आहेत. गुंगी येत असेल तर यंत्रावर काम करणाऱ्या माणसाने ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. घरात कोणाचेही मत काही असो, ती गोळी अचानक बंद करू नका, कारण दाबून ठेवलेला जोर एकदम उसळतो आणि रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. बीटा ब्लॉकरही जोडीला चालू असेल तर हा धोका अधिक असतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी विचारली असती: वडील मोठ्याने घोरतात का आणि झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो का? प्रत्येक वेळी प्राणवायू घटला की मेंदू सिम्पथेटिक यंत्रणेला हाक मारतो, आणि असे रात्रीतून अनेकदा घडू शकते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. किडनीच्या रुग्णांत ही उतरण पुष्कळदा नाहीशी होते आणि रात्रपाळीने झोपेची वेळच फिरलेली असते. तेव्हा चोवीस तासांच्या रक्तदाब मापनाविषयी डॉक्टरांना विचारा, आणि घरच्या नोंदी नेताना रात्रपाळीचे दिवस वेगळ्या शाईने खुणावून न्या.