निदान उशिरा झालं म्हणून क्लेम फेटाळला

प्रश्न: ताई, मी मूळची ठाण्याची, न्यू जर्सीत वाढले आणि अमेरिकन आर्मीत सहा वर्षं होते. ट्रेनिंगपासूनच पाळीत पोट असह्य दुखायचं, सिक कॉलला, म्हणजे आजारी सैनिकांच्या तपासणीला, गेलं की आयबुप्रोफेन हातात द्यायचे आणि परत ड्युटीवर. बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी लॅप्रोस्कोपी (पोटाची दुर्बिणीतून तपासणी) झाली, एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढलेली. व्हीएकडे (माजी सैनिकांचं सरकारी खातं) डिसॅबिलिटीच्या भरपाईचा क्लेम टाकला तर सर्व्हिसमध्ये निदान नव्हतं म्हणून नाकारला. पत्र येऊन सात महिने झालेत. हायर-लेव्हल रिव्ह्यू, म्हणजे वरच्या पातळीवर फेरतपासणीचा अर्ज, टाकू का? नवरा म्हणतो दे सोडून.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: सोडू बिडू नका. पण हायर-लेव्हल रिव्ह्यू पण आत्ता नको, कारण त्यात नवा कागद एकही घेत नाहीत, तीच फाइल दुसरा सीनियर माणूस वाचतो, आणि तुमच्या फाइलमध्येच मुळात एक गोष्ट कमी दिसतेय, ती म्हणजे तेव्हाचं दुखणं आणि आत्ताचा आजार एकच आहे असं सांगणारं डॉक्टरचं मत. तिकडे त्याला नेक्सस म्हणतात. म्हणून सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा केलेला क्लेम) टाका, फॉर्म २०-०९९५, सोबत हे मत जोडा. निदान नंतर झालं म्हणजे आजार नंतर झाला असं थोडंच आहे!

डॉक्टरने "शंभर टक्के" लिहायची गरज नाही, निम्मी-निम्मी शक्यता असली तरी चालते, तिकडचे ठरलेले शब्द "ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट" असे आहेत. मात्र त्यांनी सिक कॉलच्या नोंदी वाचल्या आहेत हे लिहायला हवं, आणि असं का वाटतं तेही, नुसत्या एका ओळीला किंमत नाही. बराकीतल्या मैत्रिणीचं, आईचंही लेखी स्टेटमेंट द्या, फोनवर रडायचात ते आईला आठवत असेलच की.

आता टक्क्यांचं, म्हणजे व्हीए डिसॅबिलिटी किती टक्के धरते त्याचं. सतत उपचार घेऊन दुखणं किंवा रक्तस्राव आटोक्यात राहत असेल तर १०, उपचार घेऊनही राहत नसेल तर ३०, आणि त्यावर आतड्यावर किंवा मूत्राशयावर गाठी लॅप्रोस्कोपीत दिसल्या असतील नि तिथलाही त्रास असेल तर ५०. म्हणून व्हीएने तपासणीला बोलावलं की आपली ती "बरंय हो, चाललंय" म्हणायची सवय घरी ठेवून जा!! किती पॅड लागतात, महिन्यात किती दिवस कामाला दांडी होते, सगळं सांगा, अगदी वाईट दिवसाचंच सांगा.

पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, डीएव्ही सारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे फुकट करतात.

आणि तारीख बघा. पत्रावरच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत टाकलंत आणि मंजूर झालं तर सहसा पहिल्या क्लेमच्या तारखेपासूनची थकबाकी मिळू शकते, नंतर टाकलंत तर ती जुनी तारीख गेलीच समजा. पाच महिने उरलेत, डॉक्टरची अपॉइंटमेंट आजच घ्या.