लोखंड-कोळसा झारखंडात, मग कारखान्यांची दाटी पुण्या-मुंबईकडे का?

मुख्य कारण अनेकांना माहीत नसतं: मालवाहतूक समानीकरण. 1952पासून केंद्र सरकारने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर सारखं करून टाकलं. म्हणजे जमशेदपूरच्या भट्टीतून निघालेला पत्रा भट्टीशेजारच्या वर्कशॉपला ज्या भावात, त्याच भावात दीड हजार किलोमीटरवरच्या पुण्याजवळच्या भोसरीतल्या वर्कशॉपलाही. खाणीजवळ असण्याचा फायदाच संपला. मग कारखानदार बंदर, बँका, गिऱ्हाईक आणि तयार फिटर-टर्नर जिथे, तिथेच जाणार ना? पण इकडच्या कापसाला मात्र ही सवलत नव्हती, म्हणजे तो तिकडे नेताना पूर्ण भाडं पडायचं; हे बिहारवाल्यांचं (झारखंड तेव्हा बिहारातच होतं) जुनं दुखणं, आणि ते मला रास्त वाटतं.

अर्थात सगळं खापर भाड्यावर फोडू नका. मुंबईची गिरणी आणि गोदी त्याआधीची. 1962मध्ये एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) आली, तिने रस्ता-पाणी-वीज असलेले प्लॉट दिले. एकदा चार मोठे कारखाने आले की नट-बोल्टवाले, फोर्जिंगवाले, टेम्पोवाले आपोआप भोवती जमतात. म्हणूनच 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादावरचं समानीकरण उठलं, तरी बस्तान काही हललं नाही.