किनाऱ्यावरचं छोटं लग्न: आधी भरती बघा, मग मुहूर्त

दापोली-गुहागर पट्ट्यात मी बरीच वर्षं छोटी लग्नं लावतेय (म्हणजे लावतात गुरुजीच, मी मागे उभी राहून खुर्च्या मोजते). दिवाळीनंतर फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, त्यातले काही इथे घेतेय.

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यावर ४० माणसांत लग्न करायचंय. बीच तर सगळ्यांचाच असतो ना, मग परवानगी कशाला?

सगळ्यांचा आहे म्हणूनच. चार माणसं उभी राहिली, हार घातले, फोटो काढले आणि घरी गेली तर कुणी काही विचारत नाही. पण मांडव, खुर्च्या, माईक आला की तो कार्यक्रम होतो, आणि किनाऱ्याची जमीन सरकारी असते. पहिली फेरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत मारा, ना हरकत घ्या, तिथेच कळतं की पुढे तहसीलदार ऑफिसला जायचं का बंदर खात्याकडे, कारण गावागणिक पद्धत थोडी वेगळी असते. पोलीस स्टेशनला पत्र द्यायचंच, लाऊडस्पीकर असेल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे, "आमचे साहेब ओळखीचे आहेत" वगैरे सांगू नका. मागे सुरूचं बन असेल तर ते बहुतेक वेळा वनखात्याचं असतं, तिथे खिळा ठोकायचा नाही आणि दोरी बांधायची तरी विचारून. अर्जात स्पष्ट लिहा की काहीही पक्कं बांधकाम नाही, खड्डे नाहीत, सगळं त्याच रात्री उचलणार. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम लागतात, त्यामुळे लोखंडी स्टेज बिज डोक्यातून काढाच. महिना-दीड महिना आधी अर्ज द्या.

आणि एक परवानगी कागदावर नसते. किनाऱ्यावर रोज काम करणारी माणसं असतात. मालवण-तारकर्लीकडे सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात, ते जिथे बाहेर येतं तिथे तुमची फुलांची कमान उभी असली तर चूक कुणाची? आदल्या दिवशी जाऊन बोला, चहा घ्या, कुठे उभं राहू ते त्यांनाच विचारा. मी विचारलं तिथे कधी नाही म्हणाले नाहीत, उलट एकदा होडी बाजूला घ्यायला चौघे आपणहून आले.

प्रश्न: गुरुजींनी माघ शुद्ध अष्टमीचा गोरज मुहूर्त काढलाय. आम्हाला मागे सूर्यास्त आणि समोर मोकळी लांबलचक वाळू हवी. जमेल ना?

सूर्यास्त मिळेल. वाळूचं मात्र कठीण आहे.

आपल्याकडचे मच्छीमार एक हिशोब करतात, तिथीला पाऊण. म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. ढोबळ आहे, गावागणिक थोडं पुढेमागे होतं, पण तुमचं उत्तर त्यातच आलं: अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं असणार आणि माघात सूर्य मावळतो साडेसहाच्या आसपास. त्यातल्या त्यात बरं एवढंच की अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी असते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी चढत नाही, त्यामुळे पाणी मांडवात नाही येणार पण ती लांबलचक वाळू काही दिसायची नाही.

तुम्हाला जे चित्र हवंय ते पौर्णिमेला किंवा अमावास्येला मिळतं. तेव्हा भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, वाळू ओली आणि आरशासारखी, शिवाय पौर्णिमा असली तर इकडे सूर्य बुडतोय आणि तिकडे डोंगरामागून चंद्र वर येतोय. फोटोग्राफर खूश. पण त्याच रात्री बाराच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि ती अष्टमीच्या भरतीपेक्षा बरीच वर चढते, म्हणून दहाला सगळं आवरून झालेलं हवं. सकाळी नऊ-दहाचं लग्न असेल तर चतुर्थी-पंचमी बघा, तेव्हा भरती पहाटे तीन-चारला, म्हणजे नऊ-दहाला ओहोटी.

मांडव कुठे घालायचा हे वाळूच वाचून कळतं. सुकलेलं शेवाळ, शिंपले, थर्माकोलचे तुकडे, एखादी तुटकी चप्पल यांची एक वाकडी रेघ असते, तिथपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. अशा दोन-तीन रेघा दिसतील, त्यातली सगळ्यात वरची पकडा आणि तिच्याही वर दहा पावलं जा. आणि मुंबई-अलिबागच्या माणसाला मालवणची भरती अगदी मवाळ वाटेल, कारण उत्तरेकडे पाणी जास्त चढतं, मुंबईत उधाणाला साडेचार मीटरच्या वर जातं, खाली दक्षिणेला साधारण त्याच्या निम्मं. अलिबागकडे लग्न असेल तर अंतर जास्तच ठेवा.

गुरुजींना मुहूर्त बदलायला कसं सांगायचं म्हणताय? सरळ भरतीचा हिशोब सांगा. कोकणातले असतील तर तुमच्याआधी त्यांनीच तो केलेला असेल.

प्रश्न: वाऱ्यावर होम पेटणार नाही आणि अंतरपाट हातात राहणार नाही असं आत्या म्हणतेय. खरंय का?

आत्या बरोबर बोलतेय. दुपारपासून समुद्राकडून खारा वारा सुटतो, तिन्हीसांजेला पडायला लागतो. पहाटे उलट, जमिनीकडून मतलई वारा, तोही उन्हं चढली की थांबतो. या दोघांच्या मधला वेळ शांत असतो, त्यामुळे सकाळी नऊ-दहाचं लग्न होमाला सगळ्यात सोयीचं. संध्याकाळीच हवं असेल तर मंगलाष्टकं आणि हार किनाऱ्यावर घ्या आणि होम, सप्तपदी मागे, बनाच्या बाहेर सुरूच्या आडोशाला किंवा होमस्टेच्या अंगणात करा. बनात सुरूची पानं पडलेली असतात आणि ती भडकन पेट घेतात, तेव्हा बनाच्या आत होम अजिबात नको.

वाळूवरच करायचा असेल तर लोखंडी होमकुंड आणा, खाली विटांचा थर, पश्चिमेकडून आणि दोन्ही बाजूंनी विणलेल्या झापांचा कमरेइतका आडोसा. कापूर भरपूर, तूप पातळ करून थर्मासमध्ये. पाण्याच्या दोन बादल्या जवळ. राख समुद्रात टाकू नका, डब्यात भरून घरी न्या आणि झाडाला घाला.

अंतरपाटाचा उपाय अगदी घरगुती आहे. मलमलचा नको, जाड सुती पंचा घ्या आणि खालच्या काठात दुमड घालून त्यात जुनी नाणी शिवा, चारेक पुरतात. माझ्या एका लग्नात नाणी विसरली होती, तिसऱ्या मंगलाष्टकाला अंतरपाट नवरदेवाच्या तोंडावर जाऊन बसला आणि मामा दोघं त्याला सोडवत होते, नवरी खाली बघून हसतेय, गुरुजी मात्र "सावधान" म्हणायचे थांबले नाहीत. माईकला जाड फोम लावा नाहीतर व्हिडिओत नुसता घोंघाट. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर पाय वाळूत रुततात आणि आजोबा एका बाजूला कलतात, खाली प्लायचे तुकडे किंवा काथ्याच्या चटया टाका.

प्रश्न: मी हिंदू, तो ख्रिश्चन, दोघंही पुण्याला. रजिस्ट्रार तारकर्लीला वाळूवर येऊन लग्न लावेल का?

स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ मध्ये ऑफिसबाहेर लग्न लावायची सोय आहे, जादा फी भरून, पण ऑफिसपासून वाजवी अंतरात. आणि नोटीस त्याच जिल्ह्यात द्यावी लागते जिथे दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस राहतोय. तुम्ही पुण्याचे, नोटीस पुण्यात, मग तो अधिकारी तारकर्लीला कसा येणार? नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन पुण्यात सही करून टाका. वाळूवर हवं ते करा, हार घाला, शपथा घ्या, दोन्ही घरचे आशीर्वाद घ्या, कायद्याचं काम आधीच झालेलं असेल. आईला कोणती तारीख "खरी" वाटेल तो प्रश्न वेगळा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न: वेळासला मार्चमध्ये लग्न, रात्री आकाशात दिवे सोडायचेत. काही अडचण?

नुसती अडचण नाही, दिवे नकोच. वेळास, आंजर्ल्याला तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर येत असतात आणि ती उजेडाच्या दिशेने जातात, रात्री समुद्र जास्त उजळ दिसतो म्हणून तिकडे वळतात. तुमच्या लाइटच्या माळा लागल्या की उलट जमिनीकडे निघतात. ते सोडायचे कागदी दिवे जिथे पडतात तिथे पेटतात, सुरूच्या बनात किंवा वाळत घातलेल्या जाळ्यांवर. सकाळी कासवमित्र पिल्लं समुद्रात सोडतात ते पाहुण्यांना दाखवा, लांब उभं राहून, फ्लॅश बंद. लग्न गावात अंगणात लावा.

प्रश्न: चपलांचं काय करायचं?

छोटा वाटतो पण यावर मला सगळ्यात जास्त ओरडा बसलाय. वाळू सुरू होते तिथे काथ्याचं पायपुसणं, पाण्याची बादली, तांब्या आणि एक पोरगा बसवा. आम्ही एकदा हे सगळं केलं, पण भरतीच्या त्या वरच्या रेघेच्या खाली. पौर्णिमा होती, जेवणं लांबली, अकरा वाजून गेले. तीसेक जोड्यांपैकी बऱ्याचशा टॉर्च मारून मारून मिळाल्या, नवरदेवाची डाव्या पायाची कोल्हापुरी अजून यायचीय.