लिएपायाचा क्लब नेमका कोणत्या सालचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लॅटव्हियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिएपाया हे सुमारे सत्तर हजार वस्तीचे बंदराचे शहर आहे. तेथील फुटबॉलविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : लिएपायाच्या क्लबची स्थापना एके ठिकाणी १९२२, दुसरीकडे १९९७ आणि तिसरीकडे २०१४ अशी दिलेली आढळते. यांपैकी खरे साल कोणते?

तिन्ही साले खरी आहेत, फक्त ती तीन वेगवेगळ्या संस्थांची आहेत. १९२२ मध्ये स्थापन झालेला क्लब म्हणजे ‘ओलिंपिया’. १९९७ हे ‘लिएपायास मेतालुर्ग्स’ या नावाने संघ मैदानात उतरला ते वर्ष. आज खेळणारा ‘एफके लिएपाया’ हा क्लब २०१४ मध्ये स्थापन झाला. शहर एकच, प्रेक्षक बव्हंशी त्याच घरांतले आणि घरचे मैदानही तेच, म्हणजे समुद्रकाठच्या उद्यानालगतचे दाउगावा स्टेडियम. त्यामुळे तिघांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. (याच नावाचे मोठे स्टेडियम राजधानी रिगा येथेही आहे, त्यामुळे जुनी छायाचित्रे पाहताना शहराचे नाव तपासून घ्यावे.)

ओलिंपियाचा काळ हा या शहराच्या फुटबॉलमधला सर्वांत वैभवाचा काळ होता, असे माझे मत आहे. लॅटव्हिया १९१८ मध्ये स्वतंत्र झाला आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९२२ मध्ये सुरू झाली. पहिल्या पाच वर्षांत विजेतेपद रिगाबाहेर गेले नाही. १९२७ मध्ये ओलिंपियाने ते प्रथमच लिएपायाला आणले आणि पुढची दोन वर्षेही सोडले नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या क्लबने एकूण सात वेळा अजिंक्यपद मिळवले.

प्रश्न : एवढा यशस्वी क्लब मग बंद का झाला? आणि सोव्हिएत काळात लिएपायाच्या संघाची नावे वारंवार का बदलत गेली?

१९४० मध्ये सोव्हिएत संघाने लॅटव्हिया ताब्यात घेतल्यावर नागरिकांनी स्वेच्छेने उभारलेल्या संस्था मोडीत निघाल्या, आणि ओलिंपियाही त्यांतच गेला. युद्धानंतर संघ पुन्हा उभे राहिले, परंतु ते आता सभासदांचे नव्हते. कारखाना, कामगार संघटना किंवा सुरक्षा दलाची क्रीडासंस्था त्यांची पालक असे. पालक बदलला की नाव बदलत असे. दिनामो, दाउगावा, सार्कानाइस मेतालुर्ग्स (म्हणजे ‘लाल धातुकामगार’) आणि नंतर दीर्घकाळ ज्व्हेयनिएक्स, म्हणजे मच्छीमार, ही सगळी नावे याच रीतीने आली. पोलाद कारखाना आणि मासेमारी हेच त्या शहराचे दोन मोठे आधार होते, हे या नावांवरूनच कळते. लॅटव्हियाच्या प्रांतीय स्पर्धेत लिएपायाच्या संघाने या काळात अनेकदा विजेतेपद मिळवले, तरी अखिल सोव्हिएत स्तरावर त्याची मजल खालच्या श्रेणींपलीकडे गेली नाही.

प्रश्न : २००५ च्या विजेतेपदाला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण त्याआधी १९९१ पासून २००४ पर्यंत सलग १४ वेळा विजेतेपद एकाच क्लबकडे, रिगाच्या ‘स्कोंतो’कडे, गेले होते आणि हा तेव्हा युरोपातील विक्रम होता. स्पर्धेत दुसरा क्रमांक कोणाचा, एवढाच प्रश्न वर्षानुवर्षे उरला होता. ती साखळी २००५ मध्ये मेतालुर्ग्सने तोडली. स्कोंतोपाशी राजधानी आणि राष्ट्रीय संघाचे बहुतेक खेळाडू होते. मेतालुर्ग्समागे मात्र १८८२ मध्ये सुरू झालेला आणि शहरातील हजारो कुटुंबांना पोसणारा पोलाद कारखाना होता. कारखान्याने वर्षानुवर्षे पैसा पुरवला, हे या यशाचे निम्मे कारण. उरलेले श्रेय विक्टर्स दोब्रेत्सोव्ससारख्या, दीर्घकाळ याच संघासाठी गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंना द्यावे लागेल. पुढल्याच वर्षी क्लबने लॅटव्हियाचा चषक जिंकला, आणि २००९ मध्ये दुसरे अजिंक्यपदही मिळवले.

प्रश्न : दोनदा अजिंक्य ठरलेला क्लब चार वर्षांतच नाहीसा होतो, हे कसे?

जो आधार होता तोच कोसळला. कारखान्याने भट्ट्यांच्या आधुनिकीकरणासाठी मोठे कर्ज घेतले होते आणि त्याला लॅटव्हियाच्या सरकारने हमी दिली होती. कारखान्याला हप्ते फेडता येईनात, तेव्हा हमीची रक्कम सरकारला भरावी लागली आणि २०१३ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला. क्लबच्या उत्पन्नात कारखान्याखेरीज जमेस धरण्यासारखे फारसे काही नव्हते. लॅटव्हियात गर्दी खेचणारा खेळ आइस हॉकी आहे. फुटबॉलच्या तिकीटविक्रीवर किंवा प्रक्षेपणाच्या हक्कांवर तेथे व्यावसायिक संघ चालत नाही. त्याच कारखान्याच्या नावाचा हॉकी संघही याच सुमारास बंद झाला. कारखाना पुढे एका युक्रेनी समूहाने विकत घेऊन सुरू केला, पण २०१६ मध्ये तोही प्रयत्न फसला. त्या आशेवर क्लब थांबला असता तर दुसऱ्यांदा बुडाला असता.

ही केवळ लिएपायाची कथा नाही. खुद्द स्कोंतोला कर्जापायी वरच्या श्रेणीतून बाहेर पडावे लागले आणि अखेर तोही क्लब दिवाळखोर झाला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला, हे आपल्याकडील वाचकांना आठवत असेल. एकाच कंपनीच्या खर्चावर चालणाऱ्या क्लबचे आयुष्य त्या कंपनीच्या मर्जीइतके किंवा ऐपतीइतकेच असते.

प्रश्न : मग आजच्या क्लबची अजिंक्यपदे किती मानावीत? समर्थक दहा म्हणतात.

आजच्या क्लबचे अजिंक्यपद एकच, २०१५ चे. त्याखेरीज २०१७ आणि २०२० चे चषक त्याच्या नावावर आहेत. दहाचा आकडा ओलिंपियाची सात, मेतालुर्ग्सची दोन आणि हे एक मिळून होतो. तो शहराचा हिशेब म्हणून बरोबर आहे, क्लबचा म्हणून नाही. जुन्या क्लबची देणी नव्या क्लबने स्वीकारलेली नसताना त्याचे चषक मात्र आपल्या कपाटात मांडावेत, हे मला पटत नाही. समर्थकांची बाजू अशी की, क्लब बुडाला तो शहराच्या दोषाने नव्हे आणि ओलिंपिया तर परकीय सत्तेने संपवला, तेव्हा वारसा शहराचाच आहे. त्यांच्या म्हणण्यात ओलिंपियापुरते तथ्य आहे.

माणसांच्या बाबतीत मात्र धागा खरोखर तुटलेला नाही. २०१५ मध्ये नव्या क्लबला अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक हेच ते विक्टर्स दोब्रेत्सोव्स होते.

प्रश्न : मारिस वेर्पाकोव्हस्किस हा लिएपायाचा खेळाडू म्हणावा की रिगाचा?

जन्माने आणि घडणीने लिएपायाचा. त्याची सुरुवात मेतालुर्ग्समध्ये झाली, तेथून तो स्कोंतोकडे आणि मग कीव्हच्या दिनामोकडे गेला. लॅटव्हियाने तुर्कस्तानला हरवून २००४ च्या युरो स्पर्धेत प्रवेश मिळवला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मुख्य स्पर्धेत देशाचा एकमेव गोलही त्यानेच चेक प्रजासत्ताकाविरुद्ध केला. निवृत्तीनंतर एफके लिएपायाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले.

प्रश्न : जुन्या विजेत्यांच्या यादीत ओलिंपियापुढे १९३६ असे एकच वर्ष आणि नंतर १९३७-३८, १९३८-३९ अशी जोडवर्षे का दिसतात?

त्या हंगामांत स्पर्धा शरद ऋतूत सुरू करून वसंतात संपवण्याची पद्धत स्वीकारली होती. एरवी लॅटव्हियातील हंगाम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याआधी संपतो, कारण गोठलेल्या मैदानांवर खेळणे शक्य नसते. त्यामुळे एका हंगामाला एकच वर्ष पुरते, आणि २००५ किंवा २०१५ पुढे जोडवर्ष दिसत नाही.