वाचकांचे प्रश्न : थीम पार्कच्या स्वस्त केबिनमध्ये राहावं का?

मे महिन्याच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की मुक्कामाविषयीची पत्रं वाढतात. या वेळी बरीच पत्रं थीम पार्कच्या लाकडी केबिन आणि पॉड (झोपण्यापुरत्या छोट्या खोल्या) यांच्याविषयी आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, ११ आणि ७ वर्षांची मुलं आणि सासू-सासरे. पॅरिसच्या डिस्नीलँडला तीन दिवस राहायचं आहे. तिथल्या ‘डेव्ही क्रॉकेट रँच’मधली केबिन हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त दिसते, पण आमचा टूरवाला नको म्हणतो. त्याचं काय कारण असेल? (दादर)

कारण गाडीचं असणार, आणि ते खरं आहे. ही रँच डिस्नीचीच आहे, पण पार्कपासून सुमारे ८ किलोमीटरवर, झाडीत. डिस्नीच्या बाकीच्या हॉटेलांतून पार्कच्या दाराशी चालत किंवा मोफत बसने जाता येतं. रँचला ती बस नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तरच तिथे राहण्यात अर्थ आहे. रोज टॅक्सी करू असं मनात असेल तर तो विचार सोडा. सहा जण साध्या टॅक्सीत मावत नाहीत, आणि रात्रीचा शेवटचा शो सुटला की सगळेच एकदम टॅक्सी शोधत असतात.

जमेची बाजूही मोठी आहे. हॉटेलच्या साध्या खोल्या बहुतेक चौघांच्या असतात, म्हणजे तुम्हाला दोन खोल्या घ्याव्या लागतील. रँचची एक केबिन सहा जणांना पुरते. झोपायच्या खोलीत डबल बेड आणि बंक बेड, बाहेरच्या खोलीत उघडझाप करायचा बेड, छोटं स्वयंपाकघर, दारात लाकडी टेबल आणि केबिनला लागून गाडी लावायची जागा. पार्कच्या वाहनतळावर रँचच्या पाहुण्यांना पैसे पडत नाहीत.

आता हिशेब करताना रात्रीच्या भाड्यांची तुलना करू नका. एका बाजूला दोन खोल्या आणि तीन दिवसांचं बाहेरचं जेवण मांडा. दुसऱ्या बाजूला केबिन, गाडीचं भाडं, गाडीचा पूर्ण विमा, पेट्रोल आणि किराणा. पर्यटक कर दोन्हीकडे माणशी, रात्रीगणिक लागतो. १८ वर्षांखालच्यांना तो माफ आहे. दोन्ही बेरजांना सहाने भागा. पार्कची तिकिटं दोन्ही दरांत धरली आहेत की एकातच, हे आधी पाहा, कारण सर्वांत मोठा घोळ तिथेच होतो.

गाडी निवडताना सामान विसरलं जातं. सात आसनी गाडीत तिसरी रांग उघडली की मागे दोन छोट्या बॅगा जेमतेम राहतात. अर्टिगात बसणाऱ्यांना हे सांगायला नको. सहा माणसं आणि सहा बॅगा म्हणजे नऊ आसनी व्हॅनच हवी. ती मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते.

खरा प्रश्न सासू-सासऱ्यांचा आहे. दुपारी ते थकले की पार्कजवळच्या हॉटेलात दोघंच परत जाऊन पडतील. रँचला मात्र कोणाला तरी त्यांना सोडायला आणि संध्याकाळी आणायला जावं लागेल. एका दिशेला गाडीची १५ मिनिटं धरा; त्यात वाहनतळ ते प्रवेशद्वार ही लांब चाल दर वेळी वाढते. चालवणाऱ्याचे दिवसातले दोन तास सहज जातात. म्हणून आमचं मत असं : घरात गाडी चालवणारे दोघं असतील तर केबिन घ्या, तीन दिवसांत ती परवडते आणि मुलं झाडीत मनसोक्त हुंदडतात. एकच जण चालवणारा असेल तर दोन खोल्या घ्या, भले जास्त पैसे जावोत.

झोपण्याची वाटणीही आधीच ठरवा. आजी-आजोबांना आतला डबल बेड दिला तर बंक बेडवर मुलं त्यांच्याच खोलीत येतात, आणि बाहेरच्या बेडवर तुम्ही दोघं. ही मांडणी चांगली, कारण रात्री उशिरा आवराआवर करणारे बाहेर राहतात. फ्रान्समध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बंकवर झोपवू नये असा सुरक्षेचा दंडक आहे; तुमच्या धाकट्याला तो लागू होत नाही, पण कठडा भिंतीच्या विरुद्ध बाजूला नीट बसलेला आहे ना, ते हलवून पाहा.

प्रश्न : डिस्नीच्या रँचमधल्या केबिनमध्ये स्वयंपाकघर आहे तर कुकर आणि शिधा नेता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत. (डोंबिवली)

कुकर नेता येतो, पण शेगडी कोणती आहे हे बुकिंगच्या वेळी विचारा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. घरी फ्रिजवरचं चुंबक कुकरच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तरच तो इंडक्शनवर चालेल. काचेची साधी विद्युत शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतं, फक्त बूड सपाट हवं. बूड मध्ये उचललेलं असेल तर काचेला टेकत नाही आणि वरण शिजायला दुप्पट वेळ लागतो. शिवाय ही शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तीन शिट्ट्या झाल्या की बटण बंद करून थांबायचं नाही, कुकर उचलून बाजूला ठेवायचा. नाहीतर चौथी, पाचवी शिट्टी होतच राहते आणि भाताचा गिच्च गोळा होतो.

फोडणीची काळजी सर्वांत जास्त घ्या. केबिन लहान असते, छत खाली असतं आणि धूर ओळखणारा अलार्म शेगडीपासून फार लांब नसतो. मोहरी तडतडून मिरची पडली की तो वाजलाच म्हणून समजा. आधी खिडकी आणि दार उघडा, पंखा असेल तर लावा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका आणि मिरची घातल्याबरोबर झाकण ठेवा. अलार्मवर पिशवी किंवा टॉवेल गुंडाळणारे लोक असतात. ते कधीही करू नका. लाकडी घरात झोपलेल्या माणसांना जाग आणणारी तेवढी एकच वस्तू असते.

शिध्याबाबत युरोपचा नियम कडक आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. तूप, पनीर, चक्का, खवा, पेढे, बर्फी हे सगळं त्यात आलं. तान्ह्या बाळाच्या दुधाची सीलबंद पावडर माणशी २ किलोपर्यंत चालते. ताज्या भाज्या, फळं, लिंबं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून त्या नेऊच नका. नारळ, केळी, अननस, खजूर मात्र या अटीतून वगळले आहेत.

सहा जणांच्या तीन दिवसांच्या नाश्त्याला आणि रात्रीच्या जेवणाला १ किलो भाजलेले पोहे, ५०० ग्रॅम मेतकूट, १ किलो थालीपिठाची भाजणी, ७५० ग्रॅम बेसन आणि दाण्याची कोरडी चटणी पुरते. तांदूळ, दूध, कांदे-बटाटे, लोणी तिथे घ्या. चेसी हे डिस्नीलँडचं स्टेशन, त्याच्या आधीचं स्टेशन व्हाल द्यूरोप, तिथल्या मॉलमध्ये ओशाँ हे मोठं सुपरमार्केट आहे. कढीपत्ता, तूप, मसाला हवाच असेल तर पॅरिसमध्ये गार द्यू नोर स्टेशनच्या पुढे ला शापेल भागात तमिळ लोकांची किराणा दुकानं आहेत.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग फ्रान्समध्ये तसाच बसतो. तीन जाड पिनांच्या प्लगला ॲडॉप्टर लागेल.

प्रश्न : फ्रान्समध्ये गाडी चालवायला आपलं लायसन्स चालतं का? (मुलुंड)

आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. अर्ज नमुना ४-अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. ‘सारथी’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. पासपोर्टची प्रत लागते. व्हिसाची अट २०२१ मध्ये काढली, तरी आरटीओ कोणत्या प्रती मागते हे आधी विचारा. तिकडे मूळ लायसन्सही जवळ हवं.

गाडी ऑटोमॅटिक हवी असं बुकिंगमध्येच लिहा. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजवीकडे असताना उजव्या हाताने गिअर टाकणं हे ओझं नको. अनामत रक्कम चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. डेबिट कार्ड बऱ्याचदा नाकारतात. १० वर्षांखालच्या मुलांना मागे, वयानुसारच्या सीटवर बसवणं बंधनकारक आहे. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि आपल्याकडची माणसं चुकतात ती नेमकी इथे. महामार्गावर वेगमर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०. विमानतळ ते डिस्नीलँड या टप्प्यात टोल नाही.

रात्रभर विमानात बसून सकाळी उतरल्यावर लगेच गाडी घेऊ नका. शार्ल द गोल विमानतळावरून चेसीला वेगवान ट्रेन सुमारे १० मिनिटांत पोहोचते. पहिली रात्र चेसीजवळ काढा, झोप पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन रँचला जा. एका रात्रीचा जादा खर्च इथे योग्यच आहे.

प्रश्न : इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सला ‘स्टारगेझिंग पॉड’ स्वस्त आहेत, पण बाथरूम सामायिक आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. घ्यावा का? (विलेपार्ले)

एक रात्र असेल तर घ्या. दोन किंवा जास्त रात्री असतील तर त्याच रिसॉर्टमधल्या ‘एन्चँटेड व्हिलेज’च्या लॉजचा दर पाहा, तिथे बाथरूम खोलीतच असतं.

पाच वर्षांचं मूल रात्री एकदा तरी उठतं. तेव्हा स्वेटर, बूट, टॉर्च घेऊन गारठ्यात बाहेर जायचं आणि परत येऊन पुन्हा झोपवायचं. पॉड मागताना स्वच्छतागृहाला अगदी लागून मागू नका. रात्रभर दारांचा आवाज आणि दिव्याचा उजेड येतो. दोन-तीन पॉड सोडून मागा. अंघोळीला सकाळी आठ ते नऊ रांग लागते, म्हणून मुलांची अंघोळ संध्याकाळी आटपून टाका. पाय न भिजणाऱ्या चपला, कपडे अडकवायला एस आकाराचे दोन हूक आणि जेट स्प्रे मिळणार नाही म्हणून एक छोटा मग बरोबर ठेवा. मुंबईहून नेलेल्या २८ इंची बॅगा पॉडमध्ये उघडायला जागा नसते. एका रात्रीचे कपडे पाठपिशवीत काढून बाकी सामान गाडीत ठेवा.

ऑल्टनला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. युटॉक्सेटर किंवा स्टोक-ऑन-ट्रेंटला उतरावं लागतं. शेंगेन व्हिसावर (फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) इंग्लंडला जाता येत नाही, वेगळा व्हिसा हवा. हिवाळ्यात पार्क बंद असतं, त्यामुळे दिवाळी उशिरा, नोव्हेंबरात आली तर तारखा आधी तपासा.

प्रश्न : लाकडी केबिनमध्ये थंडी, ओल आणि गरम पाण्याचा त्रास होतो असं ऐकलं. (ठाणे)

थंडीचा त्रास क्वचितच होतो, कारण खोली लहान असते आणि हीटर लवकर तापवतो. ओल मात्र होते. चार-सहा माणसांचा श्वास, ओले टॉवेल आणि स्वयंपाकाची वाफ रात्रभर आत कोंडते, थंड काचेवर पाणी जमतं आणि सकाळी खिडकीखालची गादी दमट लागते. थंडीच्या भीतीने सगळ्या फटी बुजवणं हीच चूक आहे. खिडकीच्या वरची हवेची पट्टी उघडी ठेवा, हीटर मंद चालू ठेवा, टॉवेल बाथरूममध्येच वाळवा आणि गादी भिंतीपासून चार बोटं सरकवा.

गरम पाण्याचं गणित सोपं आहे. बॉयलर ५० लिटरचा, पाणी ६० अंशांचं आणि नळाचं पाणी १० अंशांचं असेल, तर अंघोळीचं ४० अंशांचं पाणी सुमारे ८३ लिटर मिळतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर ओढतो, म्हणजे सगळ्यांची मिळून १० मिनिटं. नंतर २ किलोवॉटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला दीड तास लागतो. म्हणून निम्म्यांनी रात्री आणि निम्म्यांनी सकाळी अंघोळ करावी.

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, मुलं नाहीत. केबिन स्वस्त पडेल? (गिरगाव)

नाही. केबिनचं भाडं माणसं वाढली की वाटलं जातं. दोघांत गाडीसह ते हॉटेलच्या वर जातं. पार्कजवळची साधी खोली घ्या.

प्रश्न : परदेश नाही, खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं आहे. आसपासच्या कंटेनर केबिन कशा असतात? (बोरिवली)

इमॅजिकाच्या आवारात मोठं हॉटेल आहे. स्वस्त केबिन आणि कॉटेज मिळतात त्या बाहेरच्या फार्महाउसांत. तिथे फोन करून चार गोष्टी विचारा. पत्र्याच्या आत उष्णतारोधक थर आहे का? नसेल तर मे महिन्यात एसी लावूनही भिंत हाताला चटका देते. वीज गेल्यावर एसी चालतो की फक्त पंखा? इन्व्हर्टरवर पंखाच चालतो, एसीला जनरेटर लागतो. चेक-आउट किती वाजता? सकाळी दहाचं असेल तर रविवारी पार्कमध्ये ओले होऊन आल्यावर कपडे बदलायला खोली नसेल. आणि छत उघड्या पत्र्याचं आहे का? जुलैत त्यावर पाऊस पडायला लागला की बोलणंही ऐकू येत नाही, झोप तर दूरच.

स्वस्त आहे म्हणून लोणावळ्यात मुक्काम करू नका. मुंबईहून येताना खोपोलीचा फाटा घाटाच्या आधी आहे. लोणावळ्यात राहिलात तर शनिवार-रविवारच्या कोंडीत घाट उतरून यावं लागेल आणि रात्री पुन्हा चढावा लागेल. गाडी नसेल तर मध्य रेल्वेची खोपोली लोकल आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात. परतीची वेळ जातानाच स्टेशनवर लिहून घ्या आणि रिक्षावाल्याला तीच वेळ सांगून ठेवा.